तसूभर

आमच्या भाषेत लहान मापांना तोटा नाही.
तसूभर, केसभर, तीळभर, गुंजभर,
आणि शिरोलीला आप्पांच्या लेथवर
जरासं, अजून जरासं, बास.
इथे मुसफ्फात, टायरच्या गोदामामागे,
यांतलं एकही चालत नाही.
केस तर फारच जाड.
तीळ म्हणे सात जणांत वाटून खायचा.
आम्ही तो तीस लाखांत वाटतो
आणि प्रत्येकाला सारखा मिळाला का, ते मोजतो.

आरसा तळहाताएवढा.
त्याच्याखाली तीन पाय, टायटॅनियमचे,
पायांना बिजागऱ्या, बिजागऱ्यांना खीळ नाही.
काही घासत नाही तिथे, काही फिरत नाही,
तेल नको, तेल वर गेल्यावर गोठून बसेल.
फक्त एक पातं, पोस्टकार्डाएवढं पातळ,
वाकतं,
आणि सोडलं की परत जागेवर.
दहा लाख वेळा वाकवून पाहिलं शिहाबने.
कण्णूरचा माणूस. आधी शारजात
रोलाच्या बाजारात घड्याळं उघडून बसायचा,
आता श्वास धरून स्क्रू पिळतो
आणि श्वास सोडायला खोलीबाहेर जातो.

मला वर्षभर पचलं नव्हतं ते हे,
की आरसा इथे चुकीच्या जागी बसवायचा.
मुद्दाम. दोनशे बारा मायक्रॉन डावीकडे.
वर उणे दोनशे तीसच्या थंडीत
धातू, काच, गोंद, सगळे आकसतात
ज्याच्या त्याच्या स्वभावाने,
आणि आकसत आकसत बरोबर येतात.
इथल्या तेवीस अंशांत जो सरळ दिसेल
तो तिकडे वाकडा.
शम्साने फळ्यावर दोनदा काढून दाखवलं,
अबायाची बाही मार्करने माखली तिची.
मी वहीत लिहिलं,
चूक नोंदवणे. दुरुस्त करू नये.

आप्पांना फोनवर सांगितलं.
जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"म्हणजे जॉब रिजेक्ट नाही ना?"
नाही.
"मग ड्रॉइंगवर ठळक लिहून ठेव.
उद्या कुणीतरी शहाणा येईल
आणि सरळ करून जाईल."

बाहेर ट्रक. खडीचे, सिमेंटचे, पाण्याचे.
हवेच्या उशांवर ठेवलेलं आमचं टेबल
कोणता भरलेला, कोणता रिकामा, ओळखतं,
आणि पडद्यावर प्रकाशाचे पट्टे
त्या त्या वजनाने थरथरतात.
निवांत वेळ एकच.
शुक्रवारी दुपारी शटर खाली येतात,
मशिदीतल्या रांगा दाराबाहेर, फुटपाथवर,
मुसल्ले संपले की पुठ्ठे,
आणि झाडून सगळी इंजिनं बंद.
पंधरा मिनिटं.

ज्याने हे जोडलं तो तेव्हा त्या रांगेत असतो.
मी पांढऱ्या सूटमध्ये, डोळे तेवढे उघडे,
टाकीतली थंडी पोचलेली.
बटण दाबते. एक पाऊल.
पट्टे सरकले
आणि उभे राहिले,
असे, की मला वाटलं पडदाच अडकला.
चूक नऊ नॅनोमीटर.
मागे. पुढे. नऊ. आठ.
पुन्हा नऊ.
मग कुठेतरी पहिला ट्रक सुरू झाला.

शिहाब आला, कपाळावर
पुठ्ठ्याच्या रेघा उमटलेल्या.
"किती?"
"नऊ."
त्याने मान हलवली,
एखाद्या गिऱ्हाइकाने घड्याळ वेळेवर चालतंय म्हणून सांगावं तशी.
मग हातमोजे चढवता चढवता म्हणाला,
उभे राहिलेले पट्टे मी अजून पाहिले नाहीत.
मी म्हटलं, रात्री तीनला ये कधी.
तो हसला. रात्री तीनला काँक्रीट ओततात,
दिवसा उन्हाने फाटतं म्हणून.

लॉगबुकात तारीख, वेळ, तापमान भरलं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
लिहिलं,
रस्ता शांत होता.